भांगाच्या दिवसांतला नकाशा

दीनानाथ सबनीस शाळेतून निवृत्त झाले, पण शिकवण्याची खोड गेली नाही. खांदा कॉलनीतली सात-आठ मुलं जमवून ते दर रविवारी एखादा विचार वाचून दाखवत आणि मग तो पारखायला सगळ्यांना घेऊन रस्त्यावर जात. या खेपेचा विचार होता: जागा आयती नसते, माणसं ती वापरून घडवतात. मुलांनी दोन दिवस चौकात बसून कोणता विक्रेता कुठे टेकतो ते पाहिलं आणि फुटपाथवर खडूने ज्याची त्याची चौकट आखली. पिंपळाखालचा तुकडा रिकामा दिसला, तो तसाच सोडला.

विक्रेत्यांना चौकटी इतक्या पटल्या की त्यांनी त्या पिवळ्या ऑइलपेंटने पक्क्या केल्या. वडापाववाल्या जगनने पिंपळाखालचा तुकडाही त्याच रंगात आपल्याला जोडून घेतला.

पाचव्या दिवशी गुणाबाई टोपली घेऊन आली, तर पिंपळाखाली तिच्या जागेवर जगनची गाडी. बावीस वर्षं ती तिथेच मासळी विकत होती. पण भांगाच्या दिवसांत भरतीचं पाणी चढत नाही, खाडीत काही गावत नाही, तेव्हा ती घरीच राहते. मुलांनी पाहिले ते नेमके तेच दिवस.

मुलांमधली मोठी आभा दीनानाथांना बोलावून घेऊन आली. त्यांनी जगनला समजावलं, की हे दिसलं तसं काढलेलं चित्र आहे, वाटणी नव्हे. पुन्हा समजावलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चढला.

“गुरुजी, रेघा तुमच्याच पोरांनी मारल्या. मी नुसता रंग दिला,” म्हणत जगनने कढईत वडे सोडले. बाकीचे विक्रेते आपापल्या गिऱ्हाइकांकडे वळले. त्यांच्या चौकटी शाबूत होत्या.

आभाने ओल्या फडक्याने रेघ घासली. निघेना. दीनानाथांना स्वतःचाच राग आला. उत्तर लिहायची घाई करू नका, हे जन्मभर पोरांना सांगितलं, आणि दोन दिवसांत चौक आखून मोकळे झाले. आता उधाण ते उधाण, पुरते पंधरा दिवस बसून नकाशा नव्याने काढू, असं त्यांनी गुणाबाईला सांगितलं.

“काढा की,” ती म्हणाली. “पन तवर मी कुठं बसू? कोलंबी उन्हात टिकत नाय.”

टोपलीची एक कड दीनानाथांनी धरली, दुसरी तिने, आणि दोघांनी ती गटारापलीकडे उन्हात नेऊन ठेवली.