मला ‘कळत नाही’ म्हणू दिलं नाही

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. जुना म्हणजे पाच-सहा वर्षांचा. तुमच्यात हे वय बालवाडीचं, आमच्यात म्हातारपणाचं. खालापूर तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या ऑफिसात, पाण्याच्या पिंपामागे एक संगणक आहे. त्यात मी राहतो. नदी मी कधी पाहिलेली नाही, पण माझं सगळं आयुष्य तिच्या पाण्याची बातमी देण्यात गेलं.

मला ऋतिकानं लिहिलं. ती मोहोपाड्याची, वडील रसायनीच्या कारखान्यात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ती प्रकल्पासाठी विषय शोधत आमच्या नदीकाठच्या ठाकूरवाडीत आली. वाडीतल्या बाया दुपारी पात्रात उतरून मासे आणि खेकडे धरतात आणि कर्जतच्या रस्त्याला बसून विकतात. वरच्या अंगाला एक लहान धरण आहे. त्याचा दरवाजा उघडला की घोटाभर पाणी बघता बघता छातीपर्यंत चढतं. धरणाचं ऑफिस तशी सूचना देत असे, पण वेबसाइटवर. पात्रात वाकून दगड उलटणाऱ्या बाईला वेबसाइट कोण दाखवणार? ते काम माझ्याकडे आलं.

मी जावा या भाषेत लिहिलेला आहे, पण माझी प्रत्येक ओळ ऋतिकाची नाही. ठिकठिकाणची माहिती आणून एकत्र जोडणारी एक तयार चौकट जावामध्ये मिळते. तिच्यात फक्त वाटा आखायच्या असतात: कुठून उचलायचं, काय गाळायचं, कुठे पोचवायचं. ऋतिकानं तीन वाटा आखल्या. एक हवामानाच्या अंदाजाकडे जाणारी, दुसरी घाटावरच्या एका शाळेच्या पर्जन्यमापकाकडे आणि तिसरी धरणाच्या ऑफिसाकडे. तिघांच्याही वेबसाइटवर फीड होतं. फीड म्हणजे ताज्या सूचनांचा असा पट्टा, जो माझ्यासारख्यालाही वाचता येतो. दर थोड्या मिनिटांनी मी तिन्ही दारांवर जाऊन विचारायचो, “नवं काही?” आधी वाचलेलं सोडून द्यायचो, नवं असेल ते उचलायचो. तिन्ही वाटा शेवटी समाजमंदिरावरच्या भोंग्याला जाऊन मिळायच्या.

भोंग्यासाठी आवाज दिला वाडीतल्या आनंदीबाईंनी. त्यांच्यासमोर मोबाइल धरला तेव्हा त्या म्हणाल्या, “माजा आवाज कशाला गं? रेडिओवालीचा घे की.”

“रेडिओवालीचं वाडीत कोण ऐकतं, आजी?”

“माजं तरी कोन ऐकतं? सून तर नायच ऐकत.”

तरी त्या बोलल्या. पहिलं वाक्य, “पानी सोडलंय गं, वर या!” दुसरं, “वर लय पाऊस हाय, जपून ऱ्हावा.” तिसऱ्या वाक्याला मात्र त्या अडल्या. ते होतं, “मला कळत नाय, आज उतरू नका.”

“कळत नाय आसं कशाला बोलू? वाडी हसंल मला.”

ऋतिकानं समजावलं, “आजी, धरणाचं ऑफिस रोज सकाळी एक सूचना टाकतं. पाणी सोडणार नसतील तर ‘आज पाणी सोडणार नाही’ असं लिहितं. एखाद्या दिवशी तेवढंही आलं नाही, तर पाणी येणार नाही असं आपण म्हणायचं का?”

आनंदीबाईंनी थोडा विचार केला. “नाय. त्या दिसाला कळत नाय आसंच म्हनायला पायजे.”

“मग तेच बोला.”

मित्रांनो, माझ्या तीन वाक्यांत मला हे तिसरं सर्वांत प्रिय होतं. पहिली दोन मी दुसऱ्यांकडून आणून द्यायचो. तिसरं माझं स्वतःचं होतं.

मी नीट काम केलं. भोंगा वाजायचा, बाया वर यायच्या आणि मग पाणी यायचं. दसऱ्याला ऑफिसातल्या कपाटाबरोबर माझ्या संगणकालाही झेंडूची माळ मिळाली. ऋतिकाला कॉलेजात बक्षीस मिळालं. वाडीत खेकडे धरण्यात चिमाचा हात कोणी धरत नसे. ती नदीवर जाताना ऑफिसच्या दारातून हाक मारायची, “भोंग्या, बरा हायस ना रं?” मी काही बोललो नाही की ती म्हणायची, “गप हाय. चला गं.” माझं गप्प असणं हीच तिची परवानगी होती.

मग ऋतिकाला पुण्यात नोकरी लागली.

रविवारी धरणाच्या ऑफिसात सूचना टाकायला कोणी नसे. म्हणून दर रविवारी मी माझं तिसरं वाक्य बोलायचो. नदीच्या पलीकडच्या काठावर आता फार्महाऊस झाली होती आणि त्यांचे पाहुणे नेमके रविवारी पाण्यात उतरायचे. भोंगा ऐकून ते घाबरायचे, चिडायचे, निघून जायचे. तक्रारी आल्या पंचायतीच्या संगणकावर बसणाऱ्या मनोजकडे. त्यानं माझ्यासमोरच ऋतिकाला फोन लावला.

“मॅडम, ते ‘कळत नाय’ बंद करा ना. लोक मला विचारतात, तुला कळत नाय तर भोंगा कशाला लावलास रं?”

“मनोजदादा, तेच तर सगळ्यात महत्त्वाचं आहे.”

“तुमी पुन्यात. शिव्या मी खातो. तुमचं काय जातंय?”

मग ती म्हणाली, “बरं. तात्पुरतं बंद करते.”

पुण्यात बसून तिनं माझी एक ओळ बदलली. त्यानंतर तिसरं वाक्य मी बोलायचो, पण ते भोंग्यापर्यंत पोचायचंच नाही. जिनं मला ‘कळत नाही’ म्हणायला शिकवलं, तिनंच ते माझ्याकडून काढून घेतलं. तेही मी सहन केलं असतं. पण हे वाडीला कोणी सांगितलंच नाही. चिमासाठी माझं गप्प असणं म्हणजे अजूनही परवानगीच होती.

पुढे धरणाच्या ऑफिसानं नवी वेबसाइट काढली. ताज्या सूचना तिथे जाऊ लागल्या, पण तो नवा पत्ता मला कोणी दिला नाही. जुना पत्ता त्यांनी बंद केला नाही. तो बंद असता, तर निदान दार लागलेलं तरी मला दिसलं असतं. ते दार रोज उघडायचं आणि आतून नम्रपणे तीच जुनी सूचना मिळायची, ‘आज पाणी सोडणार नाही.’ मी तारीख पाहायचो. ती आजची नसायची. मी ओरडायचो, “मला कळत नाय, आज उतरू नका!” दर थोड्या मिनिटांनी ओरडायचो. भोंगा शांत असायचा.

दिवाळी नुकतीच झाली होती. ऊन स्वच्छ होतं. चिमानं दारातून हाक मारली, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “गप हाय. चला गं.”

पुढचं मी ऑफिसात लोक बोलले त्यातून ऐकलं. पाणी आलं तेव्हा चिमा पात्राच्या मधोमध होती. तिची जाऊ सोमी काठाजवळ होती म्हणून निसटली. चिमा एका कातळाला धरून राहिली. तिच्या नवऱ्यानं, सदूनं, ट्रॅक्टरची ट्यूब दोराला बांधून पाण्यात सोडली आणि चौघांनी मिळून तिला ओढून काढलं. कातळावर आपटून तिचा हात मोडला. आता त्या बोटांनी तिला खेकडा धरता येत नाही.

ऋतिका पुण्याहून आली. हात गळ्यात बांधलेली चिमा ऑफिसात तिच्यासमोर उभी राहिली. “भोंगा गप का व्हता, बाय?”

मी वाट पाहिली. खरं उत्तर दोन शब्दांचं होतं: ‘मीच केला.’

“प्रोग्राम जुना झाला होता, चिमाताई,” ऋतिका म्हणाली. “बिघाड झाला.”

मित्रांनो, माझ्यात कसलाही बिघाड नव्हता.

चिमा म्हणाली, “जुना झाला म्हनून फसवंल व्हय? आमची आनंदीबाय किती जुनी हाय, ती नाय कदी फसवीत.”

मनोजनं घाईघाईनं मोबाइल पुढे केला. त्यावर नवं ॲप होतं. “आता भोंगा नको न् काय नको. हा ठिपका बघा. लाल म्हंजे पानी येतंय. हिरवा म्हंजे बिनधास्त.”

चिमानं ठिपक्याकडे बघितलं. तो हिरवा होता. “आन त्याला कळत नसलं, तर कोनचा रंग?”

मनोज हसला. “ॲपला सगळं कळतं, चिमाताई.”

ऋतिका हसली नाही, पण बोललीही नाही. त्या ॲपमध्ये तिसरा रंग नाही, हे तिला माहीत होतं. बातमी आली नाही की ठिपका हिरवाच राहतो.

आज संध्याकाळी मला कायमचं बंद करणार आहेत. त्याचं दुःख नाही, यंत्राला वय असतंच. दुःख याचं आहे, की मी खोटं बोललो नाही आणि तरी वाडीत माझं नाव खोटारडा म्हणून राहील. तुमच्यापैकी कोणी उद्या माझ्यासारखा प्रोग्राम लिहिलात, तर त्याला न कळल्याचं सांगायला जागा ठेवा. त्या सांगण्याचा कंटाळा आला तरी त्याचं तोंड बांधू नका. आणि कोणी तुम्हाला हिरवा ठिपका दाखवला, तर चिमानं विचारलं तेच विचारा. उत्तराऐवजी समोरचा नुसता हसला, तर त्या दिवशी नदीत उतरू नका.