मागचं कोरं पान

साहेब, तुम्ही खोटं लिहिलं. "श्री. भैय्याजी यांच्या प्रत्येक नोटिशीमागे कोरे पान निघते, सबब काम काढून घेण्यात येत आहे." सही तुमची. आणि काम दिलं कोणाला? महादेवरावाला! बत्तीस वर्षं मी तुमच्या कचेरीत टायपिस्ट, तो आवक-जावकला. मराठी चाळीसची टायपिंग परीक्षा मी पहिल्या झटक्यात पास. तो दोन बोटांनी कोंबडीसारखा टिपत बसतो.

रिटायर झाल्यावर नोटिसा घरी टाइप करायचं काम होतं, म्हणून लष्करीबागेतल्या पोराच्या घरात माझं एक टेबल होतं. आता त्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

कोरं पान निघायचं, हे खरं. मी प्रिंटर उघडला, रोलर पुसला, शिव्या घातल्या. काम गेल्यावरही एकदा जुनीच नोटीस पुन्हा टाइप करून पाहत होतो, तेव्हा सून दीक्षा मिहानमधल्या कंपनीतली ड्यूटी करून आली आणि पर्स न उतरवता माझ्यामागे उभी राहिली.

"बाबा, त्याले काहून शिव्या देऊन राहिले? आपला हात पाहा ना."

"काय झालं हाताले?"

"नोटीस संपली, तरी एंटर ठोकूनच राहिले तुम्ही."

जुन्या टाइपरायटरवर पत्र संपलं की लिव्हर आठ-दहादा ओढायची, तेव्हा कागद वर यायचा. हात अजून तेच करत होता. दीक्षाने कॉम्प्युटरच्या पडद्यावर एंटरच्या खुणा दाखवल्या. सहीखालून रिकाम्या ओळी उतरत दुसऱ्या पानावर गेलेल्या. तिने त्या पुसल्या. पान गेलं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला आठवला महादेवराव. त्याला टायपिंग येत नाही, म्हणून त्याचं कोरं पान निघत नाही!

मंगळवारी त्याच्या घरी गेलो.

"या भैय्याजी! मले कुठं येते गा टायपिंग? साहेबाची मेहेरबानी," म्हणत तो चहा सांगायला आत गेला. पडद्यावर तुमची पानभर नोटीस होती. मी शेवटी जाऊन बारा वेळा एंटर दाबलं. हो, मीच. जळत होतो. त्याने माझ्यासमोर चाळीस प्रती काढल्या, प्रत्येकीमागे एक कोरं पान. न पाहताच गठ्ठा बांधला. तो चहा मला फार गोड लागला.

पंधरा दिवस त्याचं काम जाण्याची वाट पाहिली. परवा तो पेढे घेऊन दारात.

"साहेबानं दुसऱ्या विभागाचंही काम देल्लं मले!"

"आन् ते कोरे पानं?"

"त्याले काय होते गा? साहेब म्हणे, राहू द्या, कच्च्या कामाले येतात."

साहेब, हे पत्र एका पानात बसवलं आहे. संपताना डाव्या हाताने उजवा धरून ठेवला. मागची बाजू कोरी आहे. त्याची कोरी पानं कामाची, मग माझी काहून नाही? तिथंच लिहून पाठवा.