राही आणि मी, कर्जापोटी

मी एक जुना पितळी टोप आहे. सध्या मुक्काम जर्मनीत, लुडविग्सहाफेनला, शिरीष नावाच्या इंजिनियरच्या स्वयंपाकघरात. मित्रांनो, माझा स्वभाव गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

पेशवाईतल्या एका तांबटानं मला ठोकून घडवलं आणि मी एका इनामदाराच्या घरी आलो. तिथे राही मला घासायची. राही ही विकत घेतलेली कुणबीण, म्हणजे दासी. राख आणि चिंच लावून ती मला असा लखलखीत करायची, की इनामदारीणबाई येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवायच्या. राहीला मात्र कुणी शाबास म्हटलं नाही.

इनामदार वारले. त्यांचे दोन्ही मुलगे बापाच्या कर्जावरून भांडत न्यायाधीशापुढे उभे राहिले. निकाल लागला: सावकाराला कर्जापोटी दोन म्हशी, हा टोप आणि राही. राहीची लहानगी मैनी धाकट्या भावाच्या वाट्याला गेली. राहीनं हात जोडून लेक मागितली. न्यायाधीश कारकुनाला म्हणाले, "पुढचा तंटा घ्या."

सावकाराकडे राही मरेपर्यंत मला घासत राहिली, पण मैनी तिला पुन्हा दिसली नाही. तेव्हापासून मी त्या सावकाराच्या घराण्यावर डूख धरून आहे.

शिरीष त्याच सावकाराचा वंशज. २०१६ साली त्यानं आपल्या जर्मन साहेबाला जेवायला बोलावलं आणि हौसेनं माझ्यातच कढी केली. माझी कल्हई केव्हाच उडालेली, आणि इथे कल्हईवाला कुठून आणणार? कढी कळकेल, असं बायकोनं, अरुंधतीनं, बजावलंही. एवढ्यानं काही होत नाही, म्हणाला. दुपारभर मी माझा सगळा कळंक त्या कढीत सोडत बसलो.

जेवताना त्याची फुशारकी सुरू झाली: आमच्या पूर्वजांनी हा टोप कोर्टात जिंकला, सोबत दोन म्हशी आणि एक कामवाली. त्याची लेक इरा हिनं जर्मनमध्येच विचारलं, त्या बाईचं नाव काय होतं?

शिरीष हसला. "आल्झो, म्हणजे बघ, कुणबिणीचं नाव कोण लक्षात ठेवणार?"

मी ठेवलं होतं. पहिली वाटी त्यानंच ऐटीत तोंडाला लावली आणि साहेबादेखत सिंककडे धावला. ओकून ओकून बेजार झाला. नव्या कल्हईनंही मला कधी एवढं सुख दिलं नव्हतं.

आता मला वेर्टश्टोफहोफला, म्हणजे भंगारात, टाकायचं ठरलंय. मित्रांनो, जुन्या भांड्यांना कल्हई करून घ्या, आंबटापासून जपा. ती कुणाच्या हातांनी घासली गेली, तेही घरात विचारा. माझं म्हणाल तर मला खुशाल वितळवा, माझा नळ करा. एका ओकारीत मैनीची भरपाई झाली, असं मी मानणार नाही.