एकाच नळीची दोन हाडं

मोताळ्याच्या बाजारात त्या दिवशी एक भट्टी, एक भाता, दोन गाडगी आणि भोवती सव्वाशेच्या वर माणसं होती. एका गाडग्याच्या झाकणाला तीन भोकं होती. दुसऱ्याचं झाकण चिखलाने लिंपलेलं. झाकणांकडे कोणी बघत नव्हतं. सगळे भस्मनाथ महाराजाच्या तोंडाकडे बघत होते.

“अग्नी खोटं बोलत नाही, माय! पुण्यवानाचं हाड बगळ्यावानी पांढरं निंघते. करणीनं मेला त्याचं कोळशावानी काळं!”

आमच्या शेजारच्या शकुंतलाकाकूंचे यजमान वारले. राख सावडताना मिळालेली त्यांची अर्धवट जळलेली हाडं याच भट्टीतून काळी निघाली. दीर गुलाबराव यांनी काकूंना चेटकीण ठरवून घराबाहेर काढलं. महिनाभर काकू गोठ्यात झोपत होत्या. तो महिना मला महाराजाकडून भर बाजारात वसूल करायचा होता.

सकाळीच मी त्याला चुलीत भाजलेल्या हाडांच्या दोन पुड्या दिल्या होत्या. “ही एका पुण्यवानाची. ही चेटकिणीच्या नवऱ्याची.” दुसरी पुडी त्याने स्वतःच्या हाताने लिंपायच्या गाडग्यात टाकली.

दुपारी निवलेली गाडगी उघडली. एक हाड पांढरं, एक काळं.

“पाहा! बायकोनं खाल्ला याले!” महाराज गरजला.

“बोकडाले बायको होती का, महाराज?”

मी दोन्ही तुकडे जोडून धरले. मोडलेल्या कडा जुळल्या. खाटकाकडून आणलेली मटणाची एकच नळी मी फोडली होती. बाजार खदखदून हसला.

“हाड तापलं की त्यात कोळसा तयार होतो,” मी म्हणाले. “भोकांतून हवा आली की तो जळून जातो, पांढरं खनिज उरतं. लिंपलं की कोळसा आतच राहतो. यात पाप नाही, पुण्य नाही. झाकण आहे. कोणी हाड दाखवून बाईवर बोट ठेवलं, तर आधी झाकण बघा.”

महाराज झोळी सोडून पळाला. पोरांनी त्याला बसस्टँडवर धरला आणि पोलिसांच्या ताब्यात दिला.

गुलाबराव मात्र हटेनात. “बोकडाचं राहू दे. माह्या भावाचं तं काळंच हाय!”

“काऊन भेता, भाऊजी?” काकूंनी पदराची गाठ सोडून नवऱ्याच्या हाडाचा काळा तुकडा माझ्या हातावर ठेवला. “पोरी, जाळ. यायच्यासमोर जाळ.”

माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतली विद्युतभट्टी, हवा खेळती, नऊशे अंश सेल्सिअस, तीन तास. काकू आणि गुलाबराव समोर बसले होते.

आधी: काळं, १२.४० ग्रॅम. नंतर: पांढरं, ११.०५ ग्रॅम. क्ष-किरण तपासणीत हायड्रॉक्सीअपॅटाइट, म्हणजे कुठल्याही हाडात असतं तेच पांढरं खनिज.