मामांनी जपून ठेवलेला फिल्टर

मामा आणि मामांची बस, दोघांनाही धूर सोडायची जुनी खोड. मामांनी सिगारेट सोडली. बसने काही ऐकलं नाही. आज दहाच्या धूर-तपासणीत ती नापास झाली, तर बस थेट भंगारात आणि मामा कायमचे घरी, मामींच्या ताब्यात.

"त्यापेक्षा मलाही भंगारात घाला," मामा म्हणत.

मामा ज्या आगारात ड्रायव्हर, त्याच आगारात भाची मेकॅनिक. पंधरवड्यापूर्वी तिने डिझेलमध्ये पाचवा हिस्सा जैवइंधन मिसळायला सुरुवात केली. वापरलेल्या तळणाच्या तेलापासून केलेलं.

"अगं, इंजिन आहे की कढई?"

"मामा, या तेलाच्या अंगातच प्राणवायू असतो. त्यामुळे इंधन नीट जळतं, काजळी कमी होते."

"आणि ताकद?"

"जराशी कमी."

"म्हणजे माझ्याच वळणावर जाणार!"

धूर खरंच विरळ झाला. पण आज तपासणीचं फाटक हाकेवर आलं आणि बसने दोन आचके देऊन मान टाकली. दहाला वीस मिनिटं होती.

"झालं! घात केला तुझ्या तेलाने!"

सोबत आलेल्या भाचीने डिझेलचा फिल्टर उघडला. आत डांबरासारखा लगदा.

"मामा, टाकी शेवटची कधी धुतली?"

"टाकी धुवायची असते?"

चांगली संगत लागली की आधी आतला जुना मळ वर येतो. माणसाचं तेच, टाकीचंही तेच. नव्या तेलाने वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून फिल्टरात आणून ठेवला होता.

"हे होणार म्हणूनच आठवड्यापूर्वी नवा फिल्टर दिला होता ना? बसवला नाहीत?"

मामांनी सीटखालून रुमालात गुंडाळलेला खोका काढला. फिल्टर कोरा करकरीत.

"इतका छान होता गं... म्हटलं, चांगल्या दिवसासाठी राहू दे."

"मामींच्या कपाटातल्या कपबश्यांचा गुण लागला तुम्हाला!"

तिने फिल्टर बसवला, मामांनी घाम गाळत हातपंप मारून नळीतली हवा काढली. बस खाकरली, धडधडली. फाटकात तपासनीसाने धुराड्यात नळी घातली, आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

"इंजिन चालू आहे ना?"

"कानात बोटं घालायची पाळी आलीय, साहेब!" मामा म्हणाले.

बस पास झाली. परतताना मामा बरबटलेला फिल्टर हळूच खोक्यात घालू लागले.

"आता हा कशाला?"

"एवढा मळ पोटात घातला गं त्याने. फेकवत नाही." मग खालच्या आवाजात, "शिवाय, धुतला तर चालेल."

भाचीने खोका हिसकावला. "धुवायचंच असेल, तर टाकी धुवा!"

"धुतो," मामा म्हणाले. "पण मामीला नको सांगू. घरचीही धुवायला लावेल."