निवडलेला मका

"तिसरी डुकरीणपण गाभडली, डॉक्टर. आता नर बदलू का?"

जनावरांच्या डॉक्टरांनी कोठीतला मूठभर मका उजेडात धरला. "नराला कशाला बोल लावताय, मावशी? ही बुरशी बघा. हिच्या विषानं डुकरिणींचा माज बिघडतो, गाभ टिकत नाही. हा मका आजपासून बंद."

"अहो, काळा पडलेला तेवढाच त्यांना घालते. चांगला निवडून, तीन पाण्यांनी धुऊन घरात दळते."

डॉक्टर थबकले. "धुतल्यानं बुरशी जाते. विष सगळं जात नाही, शिजवूनही नाही. घरात कोण खातं?"

घरातल्या पुरुषांना गहू लागे. मका सासू-सुनेचा. कोठी दरसाल ओल धरायची आणि मावशी दरसाल मका निवडायच्या; दाणा वाया न घालवण्याचा त्यांना कोण अभिमान! चार वर्षांत सुनेला तीनदा दिवस राहिले, तिन्ही वेळा गर्भ पडला. मग मावशींनी तिला 'विश्रांतीला' माहेरी धाडलं आणि परत बोलावणं काही पाठवलं नाही. मुलगाही गप्प बसला.

"माणसांचं मी छातीठोक सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण गरोदर बाईला हे देऊ नये."

दुसऱ्या दिवशी मावशींनी सुनेच्या माहेरगावची बस धरली. सून एका लाँड्रीत इस्त्री करत होती.

"आई? तुम्ही इकडे कुठं?"

वाटेत जुळवलेलं सगळं भाषण मावशी विसरल्या. "दोष मक्यात असेल गं. तुझ्यात नव्हे."

"कोण म्हणालं?"

"डॉक्टर." मग जरा अडखळून, "डुकरिणींचे."

सून खळखळून हसली. "म्हणजे माझी बाजू घ्यायला डुकरिणी आल्या!" हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, "त्यांचा मका कधी बदललात?"

"त्याच संध्याकाळी."

"मी म्हटलं होतं, भाकरीला कुबट वास येतो. तुम्ही म्हणालात, एवढं नाजूक नाक माहेरी ठेवून यायचं."

मावशींना आठवत होतं. "घरी चल," त्या कशाबशा म्हणाल्या.

सुनेनं शर्टाची कॉलर दाबून सरळ केली. "नाही, आई. पण माझ्यातच खोट आहे असं गल्लीत ज्यांना ज्यांना सांगत होतात ना, त्यांना हेही सांगा."

परतल्यावर मावशी आपल्या दारावरून तशाच पुढे गेल्या. गल्लीच्या टोकाचं पहिलं दार त्यांनी वाजवलं.

"या, बसा की," शेजारीण म्हणाली.

"बसत नाही," मावशी म्हणाल्या. "अजून दहा घरं आहेत."