कड्यातला हाताने केलेला तुकडा

साचा फाटला तो माझ्या भावामुळे. हे मी त्याच्या तोंडावर सांगते, मग इथे सांगायला कसली भीती!

आमचा कारखाना साच्यांचा. संग्रहालयाला वाळूच्या खडकाचा कडा हवा होता, मुलांनी हात लावून बघावा असा. खरा कडा काही कापून आणता येत नाही. म्हणून त्यावर पातळ रबर लिंपायचं, सुकलं की सोलून आणायचं आणि त्यात सिमेंट ओतायचं. बाकी साचे सुरळीत निघाले. शेवटच्या जागी मात्र खडकाच्या पोकळ्या तोंडाशी अरुंद नि आत रुंद, त्यात रबर अडकलेलं. ते बोटांनी हळूहळू सोडवायचं, तर भावाने दाढ उपटावी तसा हिसका दिला. अर्धा साचा हातात, अर्धा कड्यात. वर "निघाला!" म्हणून ओरडला, शहाणा.

परत जावं तर दरड कोसळून वाट बंद. संग्रहालयाच्या दालनात ओतलेल्या तुकड्यांची भिंत उभी राहिली आणि बरोबर मधोमध दाराएवढं भगदाड.

"मी हाताने करते," माझी लेक म्हणाली.

"कर. पण संग्रहालयात कुणापुढे ब्र काढू नकोस."

ती आधी शेजारच्या तुकड्यांवरून नुसती हात फिरवत बसली. मी वैतागले. म्हटलं, अगं, मांजर आहे का ते?

"आई, कडक थर पुढे राहतो, मऊ थर झिजून आत जातो," ती म्हणाली. "खारं पाणी आत मुरतं. ते सुकलं की मिठाचे खडे वाढतात आणि वाळूचे कण सुटे करतात. हे कळल्याशिवाय कोरणार काय?"

मग मात्र पोरगी हटली नाही. ओल्या सिमेंटमध्ये एकेक थर चढवला, एकेक पोकळी कोरली. मी तुकड्याच्या कडा जरा घोटून द्यायला गेले, तर माझ्या हातातला पॉलिशपेपर काढून घेतला. कारखान्याची मालकीण मी!

संग्रहालयाच्या भूगर्भतज्ज्ञ बाई भिंत बघायला आल्या. त्या अजून डाव्या टोकाला होत्या, तोच लेक म्हणाली, "मॅडम, मधला तुकडा साच्यातला नाही. मी केलाय."

अस्सं वाटलं, एक ठेवून द्यावी! स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची हौस या पोरीला.

बाईंचा चेहरा उतरला. "मुलं हे खरं समजून शिकणार. काढावा लागेल."

"म्हणूनच सांगितलं. हाताने केलाय अशी पाटी लावा. पण काढायच्या आधी तपासा तरी."

बाई गुडघ्यांवर बसल्या. बॅटरीचा झोत तिरपा धरून थर न् थर बघू लागल्या.

"हा कडक थर इथेच का तुटला?"

"वरच्या तुकड्यातली भेग इथून खाली येते. तिच्यातून पाणी आत जाणार."

बाईंनी भेगेवर बोट ठेवलं आणि खालपर्यंत आणलं. मान हलवली. "आणि इथे या रांगेत एवढी मोठी पोकळी?"

लेकीने बोटाने त्या पोकळीची कड चाचपली. मग म्हणाली, "ती छान दिसली म्हणून केली."

संपलं, मी मनात म्हटलं. पण बाई हसल्या. "ती बुजवा. बाकीच्याला माझी हरकत नाही. असं कारण देऊन कोरलेलं काम मी पाहिलं नव्हतं. तुकडा राहू दे."

लेकीने तिथल्या तिथे सिमेंट कालवून पोकळी बुजवली.

"पाटीवर कारखान्याचं नाव घालू ना?" बाईंनी मला विचारलं. आजवर आमच्या प्रत्येक कामावर तेच गेलंय.

"बाकी भिंतीला घाला. या तुकड्याला हिचं."

"आई, अगं, नाव नेहमी कारखान्याचंच—"

"तू गप्प बस! मी ओतते ते सगळं त्या कड्याचं असतं. हे तुझं आहे."

तिचे डोळे भरले. माझेही भरले, कशाला लपवू? बाईंनी पेन काढून तिला नाव विचारलं. तिने तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, आडनावासकट, अख्ख्या दालनाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.